डोळ्यांची उंची

सकाळी सव्वासहाला जुई आणि तिचे आबाजी तलावावर निघाले, की सानिकाचं रोजचं पाठांतर सुरू व्हायचं. पाण्याजवळ जायचं नाही. ओल्या दगडावर पाय द्यायचा नाही. आबाजींचा हात सोडायचा नाही. कुत्रं दिसलं तर पळायचं नाही. साडेचार वर्षांची जुई प्रत्येक वाक्याला मान हलवायची आणि तेवढ्यात उजवी चप्पल डाव्या पायात घालून मोकळी व्हायची. आबाजी, म्हणजे सानिकाचे सासरे सुखदेवराव, गळ्यात दुर्बीण, काखेत वही अशा थाटात दाराशी थांबलेले असायचे, अंगणातल्या सीताफळाकडे पाहत.

सीताफळाकडेच. सानिकाकडे नाही.

सात-आठ महिन्यांपासून हे चाललं होतं. सासऱ्यांना ती मामाजी म्हणे. लग्न होऊन आली तेव्हा या घरातलं तिला सगळ्यात आधी काय आवडलं असेल, तर समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलणारा हा माणूस. आता ते तिच्याशी बोलत, हसतही, पण नजर तिच्या कानापलीकडे कुठंतरी असे. ती पुन्हा नोकरीवर रुजू झाली त्याच सुमारास हे सुरू झालं होतं, त्यामुळे कारण शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. पोर सोडून बाई कामाला जाते, हे म्हाताऱ्याला रुचलेलं नाही. बोलून दाखवत नाहीत इतकंच. नवरा अंकुश पुण्याच्या कारखान्यातून पंधरवड्यानं घरी यायचा. त्याच्या कानावर तिनं हे घातलं, तर तो म्हणाला, बाबा मनात ठेवणाऱ्यातले नाहीत, तू उगाच काहीतरी काढत बसतेस.

उगाच काढणं हा तिचा स्वभावच होता, हे तिलाही मान्य होतं. जुईच्या मनगटावर तिनं एक पट्टा बांधला होता. पोर पाण्यापासून किती फुटांवर आहे ते त्या पट्ट्यावरून तिला फोनवर दिसे. पंधरा फुटांच्या आत गेली तर फोन कोकलणार होता. दहा महिन्यांत तो एकदाही कोकलला नव्हता, आणि याचीही तिला काळजी वाटे. पट्टा बिघडला तर नसेल?

बोरगव्हाणचा तलाव घरापासून दहा मिनिटांवर. सुखदेवराव भुयार पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, आणि रोज सकाळी तलावाची पातळी वाचून नोंदवहीत लिहायची, हे त्यांचं काम. एका हिवाळ्यात पातळीच्या आकड्याशेजारच्या कोऱ्या जागेत त्यांनी लिहिलं, ‘चक्रवाक, दोन’. मग ती जागा कधी कोरी राहिली नाही. पुढं पातळी यंत्रच परस्पर कळवू लागलं, ते निवृत्त झाले, पण पक्षी त्यांनी सोडले नाहीत. एकतीस वर्षं झाली, एकोणीस वह्या झाल्या. उन्हाळ्यात पाणी हटलं की चिखलात चिखल्या आणि तुतवार, पावसाळ्यात कमळपक्षी आणि त्याची काडीसारख्या पायांची पिल्लं, दिवाळीनंतर उत्तरेकडून येणारी तलवार बदकं, थापटे, आणि थंडी पडली की हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ होती, ‘स्वतः पाहिलं तेच लिहिलं आहे.’

सानिका नोकरी करत होती ती तालुक्याच्या जलपक्षी केंद्रात. तिथं तिच्याकडे श्वासपेट्यांचा हिशेब असायचा.

श्वासपेटी म्हणजे शिवणयंत्राएवढा एक डबा. पक्षी उडताना, पंख साफ करताना, नुसता बसला असतानाही स्वतःचं काहीतरी हवेत सोडत असतो. पिसांचा भुगा, कातडीचा कोंडा, थुंकीचे कण. त्या प्रत्येक कणात त्याच्या जातीची जनुकीय खूण असते. पेटी तलावावरची हवा संथपणे ओढत राहते, कण बारीक जाळीवर धरते, त्यांतल्या खुणा वाचते आणि रोज सकाळी यादी देते, की काल या तलावावर या या जाती होत्या. झुडपात दडलेला, मुका, पाण्याच्या रंगात मिसळलेला, कुणी सुटत नाही.

पण पेटीला जात कळते, पक्षी कळत नाही. हळदीकुंकू बदक आहे एवढं ती सांगते. ते एक आहे की चाळीस, पिल्लांसोबत पोहतंय की पंख मोडून काठाला पडलंय, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी वहीवाला माणूस लागतोच. म्हणून केंद्रानं प्रत्येक तलावावर पेटीही ठेवली आणि माणूसही, आणि दोघांच्या नोंदी रोज एकमेकांशी ताडून पाहायला सुरुवात केली.

वर्षभरात एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. पेटी पक्ष्यांइतकीच माणसंही मोजत होती. एका निरीक्षकाच्या सोमवारच्या नोंदी कधीच जुळेनात, तेव्हा तो सोमवारी घरी बसूनच लिहितो हे उघड झालं. दुसऱ्या एकाला हिरव्यातलं तांबडं ओळखू येत नव्हतं, आणि हे त्याला स्वतःलाही पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं. माणूस कुठं उभा राहतो, त्याचे डोळे जमिनीपासून किती उंचीवर आहेत, मध्ये काय आडवं येतं, हे एकदा अर्जात भरलं की त्याला काय दिसायला हवं हे गणितानं काढता येई. त्यातलं प्रत्यक्षात त्यानं शेकडा किती लिहिलं, त्या आकड्याला केंद्रात ‘मेळ’ म्हणत. दोन ऋतू मेळ साठच्या खाली राहिला, की त्या माणसाच्या नोंदी घेणं थांबायचं.

मेळ घसरलेल्यांची कार्तिकातली यादी आली. तीन नावं होती, तिसरं सुखदेव तुकाराम भुयार. मेळ एक्क्याण्णववरून सत्तावन्नवर आला होता.

केंद्रप्रमुख ढोके सरांनी तिला बोलावून सरळच सांगितलं. तुमच्याच घरचे आहेत, त्यामुळे मला कुणाकडून काही ऐकायचं नाही. आठ दिवसांत थांबवा म्हणा किंवा ठेवा म्हणा, पण ठेवायचे असतील तर सबळ कारण द्या.

तिच्या डोक्यात मात्र थांबवायचं की ठेवायचं हा प्रश्न नव्हताच. एकतीस वर्षं न चुकलेला माणूस चुकतोय. म्हणजे म्हाताऱ्याची आठवण जातेय, जुन्या वर्षांतले पक्षी आठवून लिहितायत. आणि त्या माणसाचं बोट धरून आपली पोर रोज पाण्याकाठी जातेय.

त्या संध्याकाळी तिनं पोळ्या लाटता लाटता सहज म्हणून सुरुवात केली. आज वार कोणता, परवा भाजी काय होती, अंकुश मागच्या खेपेला कोणत्या गाडीनं गेला. सुखदेवरावांनी सगळं बिनचूक सांगितलं, गाडी किती मिनिटं उशिरा सुटली तेसुद्धा. मग ओट्यावरच्या डब्यांकडे पाहत म्हणाले, “सूनबाई, परीक्षा घेऊन राहिली काय माझी? जुन्या अकरावीला तालुक्यात दुसरा आलो होतो मी.”

ती ओशाळली. म्हणजे आठवण शाबूत होती. मग काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी केंद्रात तिनं त्यांच्या या दोन ऋतूंच्या नोंदी समोर मांडल्या. ते आता वहीतून उतरवून पाठवत नसत, फोनवर बोलून सांगत, हे तिला तेव्हा जाणवलं. सुटलेले पक्षी तिनं एका बाजूला घेतले. तलवार बदक, थापट्या, चांदवा, आणि गेल्या आठवड्यातच आलेले पट्टकादंब. पेटीच्या यादीत रोज होते, मामाजींच्या नोंदीत एकदाही नाहीत. हे सगळे मोठ्या पाण्यातले, आडबांधाच्या पलीकडचे. तलावात एक जुना दगडी आडबांध होता. त्याच्या अलीकडे चिखल आणि उथळ पाणी, पलीकडे खोल आणि मोकळं पाणी.

अलीकडचं मात्र एक पाखरू सुटलेलं नव्हतं. शेकाट्या, धोबी, तुतवार, टिबुकली. उलट एक गोष्ट अशी होती की ती वाचून सानिका खुर्चीत सरळ बसली. फटाकडी नावाचा मुठीएवढा पक्षी पाणगवताच्या बुडाशी लपूनछपून फिरतो. एकतीस वर्षांत सुखदेवरावांनी तो दोनदा लिहिला होता. या पावसाळ्यात अकरा वेळा. आणि अकराही दिवशी पेटी म्हणत होती, हो, होता.

जो माणूस समोरचे एवढाले हंस पाहत नाही, त्याला गवताच्या बुडातली फटाकडी कशी दिसते?

तिनं गणित उलटं फिरवलं. एरवी डोळ्यांची उंची दिली की गणित सांगे काय दिसेल. तिनं काय दिसलं ते दिलं आणि उंची विचारली. अर्जात एक मीटर बासष्ट सेंटिमीटर भरलेली होती. उत्तर आलं नव्वद सेंटिमीटर.

तिचा जीव भांड्यात पडला. म्हातारा माणूस, गुडघे दुखत असतील, बसून पाहत असतील. एवढंच कारण लिहून टाकावं म्हणून तिनं महिन्यावार आकडे काढले. वैशाखात अठ्ठ्याऐंशी. आषाढात एकोणनव्वद. भाद्रपदात नव्वदच्या पुढं. कार्तिकात ब्याण्णव.

बसलेला माणूस वाढत नाही.

 तिनं फोन काढला. जुई शेजारच्या काकूंकडे होती, पाण्यापासून दोन हजार फुटांवर. तरी तिनं फोन करून आवाज ऐकला.

सकाळी तिनं नेहमीसारखं पाठांतर म्हटलं, दोघांना वाटेला लावलं, आणि पाच मिनिटांनी स्कूटी काढली. तलावाच्या पाळीवर एक बाभूळ होती, तिच्याआड उतरून ती उभी राहिली.

मोजणीची जुनी खोली समोरच होती. तिच्या ओट्यावर दोघं, सुखदेवराव भिंतीला टेकून बसलेले आणि जुई पुढं उभी. दुर्बीण जुईच्या गळ्यात होती, पण ती तिनं पोटावर लोंबकळत सोडली होती. आणि जुईच्या कमरेला, उन्हाळ्यापासून सानिका जी घरभर शोधत होती, ती जांभळी ओढणी बांधलेली होती. तिचं दुसरं टोक म्हाताऱ्याच्या मनगटाला दोन वेढे देऊन गाठलेलं.

“काय दिसते?”

“पक्षी.”

“पक्षी तर मी पण हाय. पाय सांग.”

“लांब पाय. गुलाबी. चोच सुईसारखी.”

“रंग?”

“काळा कोट घातलाय, पांढऱ्या शर्टावर.”

“शेकाट्या. किती?”

जुईनं बोटं मोजली, बोटं संपल्यावर पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली, आणि चौदा झाले असं सांगितलं. परत मोज, म्हणाले. परत चौदाच भरले. तेव्हा त्यांनी जाड शाईच्या पेनानं वहीत लिहिलं, मान वळवून, वहीकडे न पाहता. अक्षरं बोटभर मोठी होती.

एवढ्यात आडबांधाच्या पलीकडून घोगरा, नाकातला आवाज आला. एक, मग अनेक.

“आबाजी, ते कोण ओरडतंय?”

“दिसते का तुले?”

“टाचा वर केल्या तर थोडं थोडं डोकं...”

“टाचा टेकव. काय ठरलं आपलं?”

“पूर्ण पायावर उभं राहून दिसलं तेच लिहायचं,” जुई कंटाळल्या सुरात म्हणाली.

“मग सोडून दे.”

आणि त्यांनी वही मिटली. पट्टकादंबाचा आवाज सानिकालासुद्धा ओळखता आला होता. एकतीस वर्षं तो ऐकणाऱ्या माणसाला तो कळला नसेल असं होणंच शक्य नव्हतं. दोन शब्द लिहिले असते तर मेळ वाढला असता.

“ये सूनबाई,” सुखदेवराव पाण्याकडे तोंड ठेवूनच म्हणाले. “स्कूटी बाभळीपाशी बंद झाली तवाच समजलं. म्हटलं, पाहू दे तिले.”

ती जाऊन ओट्यावर बसली. जुईनं आईला पाहिलं, पण ती कामात होती. रांगेत पोहणाऱ्या टिबुकल्या मोजण्यात गुंतून गेली.

चैत्रात मोतीबिंदू असेल म्हणून ते एकटेच अमरावतीला दाखवायला गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू नाही, पडद्याचा मधला भागच झिजला आहे. इंजेक्शनांनी आहे ते टिकलं तर टिकेल, गेलेलं येणार नाही. कडेचं दिसतं, त्यामुळे चालता येतं, दार, खुर्ची, येणारी गाडी कळते.

“पण जिथं पाहावं, नेमकं तिथंच भोक पडते,” ते म्हणाले. “पक्ष्याकडं पाहिलं की पक्षी जाते. तुह्याकडं पाहिलं की तुहा चेहरा जाते. म्हणून बाजूले पाहतो. बाजूले पाहिलं की तू कडेनं थोडीशी दिसते.”

 आठ महिने सानिकानं त्या सीताफळाचा राग केला होता.

“मले सांगायचं नव्हतं असं नाही,” ते पुढं म्हणाले. “पण सांगितलं असतं तर जुईले तू संग पाठवली असती काय?”

यावर खोटं बोलणं सोपं होतं. ती म्हणाली, “नाही. नसती पाठवली, मामाजी.”

“हाव. तेच.” त्यांनी मनगटावरच्या गाठीवरून बोट फिरवलं. “चूक माहीच हाय. पोर तुही, इचारायचं तुले होतं. आणि वहीतही खोटं केलं मी. पहिल्या पानावर काय लिवलं, आणि आत कोणाच्या डोळ्यानं भरून राहिलो. काढून टाक माहं नाव.”

“मोठं पाणी का सोडलं?” तिनं विचारलं. “जुईला खांद्यावर घेतली असती तर सगळं दिसलं असतं. मेळ पडलाच नसता. मला कधी कळलंही नसतं.”

म्हातारा पहिल्यांदाच चिडल्यासारखा झाला. “खांद्यावर? मले पायाखालचा दगड दिसत नाही, आणि पोर खांद्यावर घेऊ? बदकापायी?”

वाऱ्यानं ओढणी ताणली गेली, तशी त्यांची मूठ आपोआप आवळली. सानिका त्या मुठीकडे पाहत राहिली. सत्तावन्न. सहा-सात महिने रोज सकाळी सुटलेले चांदवे, थापटे, तलवार बदकं, सुटलेला एकेक हंस, असं मिळून ते सत्तावन्न झालं होतं. तो आकडा म्हणजे या माणसानं तिच्या मुलीला एकदाही जोखमीत घातलं नव्हतं याचा रोजच्या रोज लिहिलेला दाखला होता, आणि पेटीला तो नुसता तोटा दिसला होता.

तरी काळजी लगेच कुठं जाते. तिनं तिथंच अटी घातल्या. इंजेक्शनाची तारीख आता ती सांभाळणार. तलावावर जाताना काठी घ्यायची. आठवड्यातून तीन दिवस ती स्वतः सोबत येणार, केंद्रात तासभर उशिरा जायचं ढोके सरांना ती सांगेल. आणि अंकुशला आजच सगळं सांगायचं, त्यांनी स्वतः फोन करून. सुखदेवराव प्रत्येक अटीला मान हलवत होते, अगदी जुई सकाळी हलवते तशी, आणि काठीच्या अटीशी आल्यावर पुटपुटले, की एका हातात काठी, एका हातात पोर, मग वही काय दातात धरू? सानिका म्हणाली, वही मी धरीन.

खोलीच्या भिंतीला पातळीची जुनी मोजपट्टी अजून ठोकलेली होती, पांढऱ्यावर काळे आकडे. जुईला तिनं तिथं पाठ टेकवून उभं केलं. टाचा टेकव, असं सांगावं लागलं नाही. डोळ्यांपाशी बोट धरून आकडा वाचला. त्र्याण्णव.

दुपारी तिनं ढोके सरांना पाठवायचा कागद भरला. थांबवा आणि ठेवा या दोन्ही रकान्यांवर तिनं रेघ मारली आणि खाली लिहिलं, निरीक्षक बदलले आहेत. पाहणारी: जुई अंकुश भुयार. ओळखणारे: सुखदेव तुकाराम भुयार. ठिकाण तेच. डोळ्यांची उंची: त्र्याण्णव सेंटिमीटर, दर दोन महिन्यांनी वाढवून कळवू. मग वैशाखापासूनच्या नोंदी तिनं त्या त्या महिन्याच्या उंचीनं पुन्हा गणिताला दिल्या. मेळ आला शहाण्णव. सगळ्या जिल्ह्यात इतका कुणाचाच नव्हता.

ढोके सरांनी कागद दोनदा वाचला, वय विचारलं, आणि सही करताना एवढंच म्हणाले, की यांना मानधन द्यायचं झालं तर चॉकलेटात द्यावं लागेल.

नव्या वहीच्या पहिल्या पानावर सुखदेवरावांनी संक्रांतीच्या दिवशी बोटभर अक्षरांत लिहिलं, ‘जुईनं पाहिलं तेच लिहिलं आहे.’ सानिका शेजारी बसली होती. ते लिहीत होते वहीवर आणि पाहत होते तिच्याकडे, म्हणजे भिंतीकडे. तिला आता ते कळत होतं.

त्या आठवड्यात थंडी कडक पडली, पाण्यावर धुकं रेंगाळत होतं, आणि आडबांधापलीकडून तोच घोगरा गलका अखंड येत होता. आठवड्यातले तिचे तीन दिवस होते, त्यातला हा एक. तिनं वही ओट्यावर ठेवली, चपला काढल्या, पाय दगडावर घट्ट रोवले, आणि जुईला उचलून खांद्यावर घेतलं. ओढणीचं टोक म्हाताऱ्याच्या मनगटाला होतंच.

जुईनं आईचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

“बोल न,” सुखदेवराव म्हणाले. “काय दिसते?”

“खूप,” ती हळूच म्हणाली. “खूप आहेत, आबाजी. राखाडी. डोकं पांढरं आणि डोक्यावर मागं काळ्या पट्ट्या. दोन. चोच पिवळी.”

सुखदेवरावांनी ताबडतोब नाव सांगितलं नाही. ओठ नुसते हलले. मग म्हणाले, “किती?”

जुई मोजू लागली. सानिकाला समोर फक्त दगडी बांध आणि धुकं दिसत होतं, वरून येणारे आकडे ऐकू येत होते, आणि एका क्षणी तिलाही राहवलं नाही. आपल्यालाही एखादा दिसावा म्हणून ती नकळत उंच झाली.

सुखदेवराव दुसरीकडेच, बाभळीकडे तोंड करून बसले होते.

“टाचा टेकव, सूनबाई,” ते म्हणाले. “मोजणी पहिल्यापासून.”